संभाव्य बदल्या, अंतिम, गोपनीय

लघुउद्योग ना-हरकत उपकेंद्र, गोरेगाव, तालुका सेनगाव, या कार्यालयातला एकुलता एक संगणक संक्रांतीनंतरच्या सोमवारी आपणहून कामाला लागला, आणि कार्यालयाच्या अडचणींना तिथून सुरुवात झाली. तोवर तो कोणी सांगितल्याशिवाय काही करत नसे, सांगितल्यावरही सहसा करत नसे, आणि म्हणूनच तो सगळ्यांना आपल्यातला वाटत असे. त्या सोमवारी मात्र कोणी हात न लावता त्याने एकामागून एक खिडक्या उघडायला सुरुवात केली. एकीत लॉटरी लागल्याची खबर होती, दुसरीत गुडघेदुखीवरचा चुंबकीय पट्टा, तिसरीत कोणी अनोळखी बाई हात हलवून बोलावत होती. कार्यालयात इतक्या तत्परतेची कोणाला सवय नव्हती.

बडे बाबू बंडोपंत खुर्चीत ताठ बसून हे पाहत होते. जूनअखेर ते निवृत्त होणार होते. त्यांच्या उभ्या नोकरीवर एकही डाग नव्हता, कारण डाग पडेल असं काही त्यांनी कधी केलंच नव्हतं, आणि डाग पडणार नाही असं फारसं कामही केलं नव्हतं. अपवाद फक्त परवाच्या शनिवारचा.

त्याचं असं झालं. कार्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर खुद्द स्वानंद साहेबांनी एक फाइल पुढे पाठवली. फाइलचं नाव होतं ‘संभाव्य बदल्या, अंतिम, गोपनीय’. खाली साहेबांनी स्वतः लिहिलं होतं, ‘केवळ माहितीसाठी. कोणी उघडू नये.’ साहेब तरुण होते, पण जबाबदारी टाळण्यात वयाच्या मानाने बरेच पुढे होते.

फाइल मोबाइलवर उघडेना, तिला संगणक लागत होता. म्हणून सुट्टीच्या दिवशी बंडोपंत ‘चष्मा विसरला’ असं घरी सांगून, डोळ्यावर चष्मा लावून कार्यालयात आले. मोबाइल वायरने संगणकाला जोडून फाइल उघडली. पडद्यावर एक काळी चौकट लुकलुकली आणि गेली. पुढे काही नाही. ही यादी वरच्या लोकांसाठी असणार, आपल्या दर्जाला दिसत नसणार, असं त्यांनी मानलं. जाताना त्यांनी रुमालाने माउस पुसला. हाताचे ठसे राहतात, हे त्यांनी मालिकांमध्ये पाहिलं होतं.

“पंत, माझ्या दाखल्याचं काय झालं?”

बाकावरून आवाज आला तो अन्सारचा. अन्सार पुसेगावचा. हळद शिजवायचे कुकर आणि पॉलिशचे ड्रम बनवायचा. हाताने पत्रा वाकवून जन्म गेला, आता त्याने पत्रा वाकवायचं मोठं मशीन आणलं होतं. मशीन थ्री फेजवर चालणार, थ्री फेजचं मीटर या उपकेंद्राच्या ना-हरकत दाखल्यावर मिळणार, आणि हळद काढायचे दिवस तोंडावर आले होते. दाखला मंजूर होता. फक्त संगणकातून बाहेर यायचा होता.

“निघतोय, निघतोय,” बंडोपंत म्हणाले आणि त्यांनी छपाईची आज्ञा दिली. प्रिंटर गुरगुरला. कागद बाहेर आला. त्यावर चुंबकीय पट्टा होता.

अन्सारने कागद उलटसुलट करून पाहिला. “ह्यावर मीटर देतील का?”

“अपर्णा,” बंडोपंतांनी हाक मारली, “जरा इकडं ये गं.”

अपर्णा कनिष्ठ लिपिक होती. तिने संगणकाचं एक शासकीय प्रशिक्षण घेतलं होतं, आणि त्यात प्रमाणपत्रासोबत चुकून थोडं ज्ञानही मिळालं होतं. तिने पडद्याकडे पाहिलं, दोन-चार ठिकाणी टिचक्या मारल्या. “काका, हा ट्रोजन डाउनलोडर हाय.”

“म्हणजे काय? व्हायरस?”

“त्याच्या घरचाच. हे बघा. लग्नात एक माणूस येतो. फेटा बांधलेला, हातात पत्रिका. आपण विचारत न्हाई कोणाकडचा म्हणून. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचा, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचा. तो स्वतः जेवत बी न्हाई. गुपचूप मांडवाच्या मागं जातो, कनात उचलतो आन बाहेर फोन लावतो, या म्हणून. मग जे येतात ते खरे खाणारे. एक जाहिराती दाखवतो, एक पासवर्ड लिहून घेतो, एक इथं बसून दुसऱ्यांना चिठ्ठ्या पाठवतो.”

“मग ह्या पंगतीतल्यांना उठव की.”

“उठवून काय उपयोग? कनात उचलणारा आतच हाय. हे गेले की तो दुसरे बोलावणार. काढायचं तर त्याला काढायचं.”

“आपल्या त्या अँटिव्हायरसनं अडवलं नाही काहून?”

“त्याची मुदत मागच्या पावसाळ्यातच संपली. कोपऱ्यात रोज तांबडी पाटी यायची की.”

ती पाटी बंडोपंत रोज सकाळी माशी हाकलावी तशी फुलीवर बोट ठेवून हाकलत आले होते.

“काढायला किती वेळ लागल?” अन्सारने बाकावरून विचारलं. त्याला एवढंच हवं होतं.

“इंटरनेटची वायर काढायची, म्हणजे त्याचा फोन बंद. मग संगणक सेफ मोडमध्ये, म्हणजे अर्ध्या दिव्यावर सुरू करायचा. चांगल्या स्कॅनरनं झाडून घ्यायचा, सापडला की मुळासकट काढायचा. मग सगळ्यांनी पासवर्ड बदलायचे. चहा गार होईस्तोवर होतं.”

“मग काढ,” बंडोपंत म्हणाले. नोकरीत इतका झटपट निर्णय त्यांनी पूर्वी घेतला नव्हता, आणि तो किती धोक्याचा असतो हे त्यांना लगेच कळलं.

“काढते. फक्त कोणाच्या लॉगिनमधून आत आला ते आधी बघते.”

“ते कळतं?”

“कळतं की.” अपर्णाने पडदा वर सरकवला आणि आवाज खाली आणला. “काका, ती बदल्यांची फाइल.”

“नावं आहेत त्यात?”

“तुमचं पहिलं.”

बंडोपंतांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. “आणि बाकीची?”

“सगळेच. रजेवरचे बी येऊन उघडून गेले. शिपाई प्रेमदासनं साहेबांच्या लॉगिननं उघडली आन साहेबांनी प्रेमदासच्या.” तिने शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. “माझं बी हाय. तीनदा. मला वाटलं पहिल्यांदा नीट दाबलं न्हाई.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कार्यालयात इतकी एकजूट पूर्वी कधी दिसली नव्हती. वेतनवाढीच्या आंदोलनातही नाही.

“अपर्णा,” बंडोपंत हळूच म्हणाले, “हात काढ त्याच्यावरून. आत घेण्याचा अधिकार सगळ्यांना असतो, बाहेर काढण्याचा फक्त वरिष्ठांना.”

स्वानंद साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचा पहिला आक्षेप शब्दावर होता. “व्हायरस म्हणू नका. व्हायरस म्हटलं की तो कुठून आला हा प्रश्न येतो. अनाहूत संगणकीय घटक म्हणा.”

“बरं. तो घटक काढायचा का, साहेब?”

“असा एकतर्फी? त्याची बाजू न ऐकता?” साहेब खिन्नपणे हसले. “उद्या तो वर अपिलात गेला म्हणजे? नैसर्गिक न्यायाचं तत्त्व आहे, बंडोपंत. आधी कारणे दाखवा नोटीस.”

नोटीस निघाली. ‘आपण कार्यालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय कार्यालयाच्या संगणकात वास्तव्य करीत असून त्रयस्थांना पाचारण करीत असल्याचे निदर्शनास आले आहे. आपणांस निष्कासित का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा मुदतीत सादर करावा.’ तिची एक प्रत प्रेमदासने डिंकाने संगणकाच्या पाठीला चिकटवली. हवेची जाळी तिथेच होती. दुपारपर्यंत संगणक तापून धापा टाकू लागला. नोटिशीचा परिणाम होतोय, असं साहेब म्हणाले.

माहितीसाठी एक प्रत वरच्या कार्यालयाला ई-मेलने पाठवली गेली. ती अर्थातच त्याच संगणकातून. घटकाने स्वतःला तिच्यासोबत जोडून घेतलं आणि ई-मेलच्या यादीतल्या झाडून सगळ्या कार्यालयांना प्रती रवाना केल्या. वर ‘गोपनीय’ असा शेरा होता, त्यामुळे एकही कार्यालय ती न उघडता राहिलं नाही. शासकीय पत्र त्याच दिवशी वाचलं जाण्याचा हा एकमेव प्रसंग असावा.

खुलासा मात्र आला नाही. घटकाने मुदतीत काहीही कळवलं नाही. “म्हणजे त्याला मान्य आहे,” अपर्णा म्हणाली. “म्हणजे त्याच्या पाठीशी कोणीतरी आहे,” साहेब म्हणाले, आणि त्यांनी चौकशी समिती मागवली.

अन्सार मधूनमधून येत होता. सेनगावच्या जीपमधून उतरायचा, बाकावर बसायचा, संगणकाकडे बघायचा. आता तो बाकावरची आपली जागाही ओळखू लागला होता.

“पंत, एक बोलू का? हातानं लिहून द्या. तुमची सही, साहेबांचा शिक्का. पूर्वी असंच होतं बराबर.”

“हस्तलिखित आता चालत नाही, अन्सारभाई. पारदर्शक कारभार आहे. सगळं संगणकातूनच.”

“पण संगणकातून निघत न्हाई.”

“म्हणून तर पारदर्शक. निघत नाही ते सगळ्यांना दिसतंय.”

अन्सारने मान हलवली. हसला नाही. “शिरड शहापूरचे लोक दोन कुकर सांगून गेले व्हते. काल म्हणले, वाशीमकडून घेतो, थांबणं व्हत न्हाई. हळद उकरून ढीग पडलाय त्यांचा. माझं मशीन घरात नव्या नवरीसारखं झाकून ठेवलंय. तकलीफ द्यायची म्हणून न्हाई सांगत, तुमी मनावर घेतलं तर व्हईल म्हणून सांगून राहिलो.”

बंडोपंतांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या लेकीच्या लग्नात वऱ्हाडाला आंघोळीचं पाणी तापवायला जो मोठा बंब होता, तो याच अन्सारने रात्रंदिवस बसून जोडून दिला होता. चार शब्द बोलले असते तर झालं असतं. ‘फाइल मी उघडली, अपर्णा, काढून टाक.’ त्यांनी ते शब्द मनातल्या मनात एकदा म्हणून पाहिले. मग त्यांना जून महिना आठवला, शाल आठवली, नारळ आठवला, ‘निष्कलंक सेवा’ असं कोरलेलं ते घड्याळ आठवलं, जे अजून कोणी आणलं नव्हतं.

“समिती येतेय,” ते म्हणाले. “मग बघ कसं फटाफट होतं.”

समिती आली. म्हणजे एक लालसिंग साहेब आले. हातात छोटी बॅग, अंगात साधा सदरा. नमस्कार करून म्हणाले, “मी एकटाच आहे. कोपऱ्यात एक खुर्ची द्या, माझा काही त्रास नाही.” कोणी त्यांचं ओळखपत्र पाहिलं नाही. वरून आलेल्या माणसाला विचारायची पद्धत नव्हती.

एक दिवस लालसिंग साहेब कोपऱ्यात नुसते बसून होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला, आणि तांत्रिक सदस्य आले. तांत्रिक सदस्यांना इतिवृत्त लिहिता येत नसल्याने इतिवृत्त लिहिणारे आले. त्यांच्यापाठोपाठ, समितीची व्यवस्था पाहण्यासाठी म्हणून एक गृहस्थ आले, आणि त्यांची व्यवस्था पाहण्यासाठी त्यांचे मेहुणे. आठवडा संपायच्या आत अपर्णाचं टेबल समितीकडे गेलं, साहेबांची गाडी समितीकडे गेली, आणि अन्सारचा बाक समितीच्या बॅगांकडे गेला. कार्यालय आधी हळू चालायचं, ते आता थांबलं. भजी तेवढी वेळेवर येत होती.

“काका,” अपर्णा उभ्या उभ्या फाइल चाळत म्हणाली, “ह्यांची बी इंटरनेटची वायर काढून बघायची का?”

“हळू बोल,” बंडोपंत म्हणाले.

समितीचं काम मात्र कसून चाललं होतं. ती फाइल पुरावा म्हणून जपणं भाग होतं, त्यामुळे प्रत्येक सदस्याने तिची एकेक प्रत आपापल्या पेनड्राइव्हमध्ये घेतली आणि आपापल्या कार्यालयात नेऊन लावून पाहिली. तिथे काळी चौकट लुकलुकली आणि गेली. सदस्यांनी हे एकमेकांना सांगितलं नाही. आपलं नाव यादीत असेल म्हणून ती आपल्याला दिसत नाही, असा प्रत्येकाचा समज झाला.

मग जबाब झाले.

“तुम्ही फाइल उघडलीत?” लालसिंग साहेबांनी बंडोपंतांना विचारलं.

“मी शनिवारी कार्यालयात नव्हतो.”

“मी शनिवारचं विचारलंच नाही.”

लालसिंग साहेबांनी बंडोपंतांकडे पाहिलं. बंडोपंतांनी लालसिंग साहेबांच्या खिशातल्या पेनड्राइव्हकडे पाहिलं. इतिवृत्त लिहिणाऱ्याने पेनाचं टोपण लावलं.

“चहा घ्या,” लालसिंग साहेब म्हणाले.

अहवाल एकमताने झाला. ‘सदर फाइल कोणीही उघडलेली नाही. ती उघडली गेली आहे. कर्मचाऱ्यांची सचोटी वादातीत आहे. घटक काढण्यास, प्रायोगिक तत्त्वावर, हरकत नाही.’ समिती निघाली. व्यवस्था पाहणाऱ्यांचे मेहुणे मागे राहिले, ते अजून आहेत.

मग अपर्णाने बसायला खुर्ची शोधली, वायर काढली, संगणक अर्ध्या दिव्यावर सुरू केला, झाडझूड केली आणि त्या फेटेवाल्याला मुळासकट बाहेर काढलं. बंडोपंतांच्या टेबलावरचा चहा खरोखरच अजून कोमट होता. सगळ्यांचे पासवर्ड बदलले गेले. अँटिव्हायरस नवा आला नव्हता, त्याची मागणी वर गेली होती. वर त्याच फाइलीमुळे संगणक बंद होते.

अन्सारला निरोप गेला. तो पहिल्या जीपने आला. गावातली हळद बहुतेक शिजून वाळायला पडली होती, पण उशिरा काढणारे दोघे-तिघे अजून शिल्लक होते. आज दाखला मिळाला तर निदान त्यांचे कुकर वाकवता आले असते. त्याने स्वच्छ सदरा घातला होता आणि दाखला घालायला प्लास्टिकची पिशवी आणली होती.

अपर्णाने दाखला पडद्यावर आणला. ‘अन्सार, राहणार पुसेगाव, यांस थ्री फेज वीजजोडणीस या कार्यालयाची हरकत नाही.’ फक्त साहेबांची डिजिटल सही राहिली होती. तिचा पेनड्राइव्ह साहेबांच्या कपाटात होता.

“घेऊन येते. तोवर कशाला हात लावू नका, काका.”

“मी कशाला लावतो?”

ती गेली. खोलीत बंडोपंत आणि अन्सार दोघेच उरले. प्रिंटरचा हिरवा दिवा लागलेला होता. अन्सार पडद्यावरचं आपलं नाव पुन्हा पुन्हा वाचत होता.

बंडोपंतांचा मोबाइल वाजला. गटावर स्वानंद साहेबांनी एक फाइल पुढे पाठवली होती. नाव होतं, ‘बदल्यांची फाइल कोणी कोणी उघडली, अंतिम नावे, गोपनीय’. खाली लिहिलं होतं, ‘केवळ माहितीसाठी. कोणी उघडू नये.’

बंडोपंतांनी मोबाइलवर बोट दाबलं. उघडेना. तिला संगणक लागत होता.

त्यांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. मग उताणा केला. शेजारच्या खोलीत कुणाची तरी खुर्ची सरकली, व्हरांड्यात प्रेमदास मोबाइलकडे बघत एकदम उठून उभा राहिला. सगळ्यांना आलीय. सगळे आता या एकाच संगणकाकडे येणार. आपलं नाव पहिलं असेल, तर निदान आपण ते पहिलं पाहिलं पाहिजे. बंडोपंतांनी खिशातून वायर काढली आणि मोबाइल संगणकाला जोडला.

“पंत, काय करून राहिले?” अन्सारने विचारलं. “त्या ताई नको म्हणून गेल्या ना? आधी माझा कागद निघू द्या.”

“तुझाच काढतोय, अन्सारभाई. एक मिनिट. उघडत नाहीय मी, नुसतं बघतोय, उघडते का.”

काळी चौकट लुकलुकली आणि गेली.

पडद्यावरचं अन्सारचं नाव एका बाजूने सरकत नाहीसं झालं. त्या जागी अनोळखी बाई आली आणि हात हलवू लागली. प्रिंटर गुरगुरला. कागद बाहेर आला, तो अन्सारने दोन्ही हातांनी उचलला आणि सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला.

“हे बी बराबर हाय, पंत,” तो म्हणाला. “तुमच्या बाकावर बसून गुडघेच गेले माझे. पट्टा कामाचा हाय.”

तो जीप गाठायला निघून गेला. सहीचा पेनड्राइव्ह घेऊन अपर्णा दारात आली तेव्हा तिच्या मागे साहेब, प्रेमदास आणि तो मेहुणा, सगळे आपापले मोबाइल हातात धरून उभे होते. आत बंडोपंत रुमालाने माउस पुसत होते.

त्या दुसऱ्या फाइलीत कोणाकोणाची नावं होती, ते आम्हाला कळलं आहे. मजकूर गोपनीय असल्यामुळे तो इथे देता येत नाही. केवळ माहितीसाठी म्हणून शेवटच्या ओळीत दिला आहे, ती ओळ कोणी वाचू नये.

तुमचं पहिलं.